एका रात्रीत अकरा कोंबड्या गेल्या, नेमकं कोण असेल?

तुरीचं वावर (वर्धा)
रविवार, सकाळी 7:40

राम राम मंडळी. आमचं घर सेलू तालुक्यात, गावाच्या अगदी कडेला. घरामागं चार एकर तूर, तिच्या पलीकडं नाला, आणि नाला ओलांडला की झुडपी सुरू. बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल तिथून फार लांब नाही.

बायकोनं दोन वर्षं जीव लावून 34 कोंबड्या केल्या. बारा गावरान, बाकी वनराज आणि गिरिराज. शुक्रवारी रात्री खुराड्यात काहीतरी शिरलं. सकाळी दार उघडलं तर नऊ तिथंच मरून पडलेल्या, मानेशी चावा, बाकी अंग जसंच्या तसं. एक अर्धी खाल्लेली. एक गायब. रक्त फार नाही, पिसं मात्र खुराडाभर. उरलेल्या तेवीस वरच्या बांबूवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, हाका मारल्या तरी खाली उतरेनात.

खुराडा म्हणजे तुराट्यांचा कुड, वर टिनं, समोर लाकडी चौकटीला कोंबडी जाळी. दार रोज मीच लावतो. त्या दिवशीही लावलं होतं. बायकोला हे पटत नाही, तो विषय वेगळा.

शेजारचे काका म्हणतात मुंगूसच. उपायही त्यांनीच सांगितला: अंड्याला भोक पाडून आत थिमेट (पिकावरचं कीटकनाशक) भर, कुंपणाशी ठेव, दोन दिवसांत काम होते. कोठ्यात जुनी पुडी पडून आहेही. पण घरात म्हातारी कुत्री आहे, अंगणात पोरगं खेळते. मन धजत नाही. तुमच्याकडं असं झालं तेव्हा तुम्ही काय केलं?

---

पांढरं सोनं (अकोला)
रविवार, सकाळी 8:05

मुंगूस नाही होय राजेहो. मुंगूस दिवसाचा धंदा करते, रातच्याले तो बिळात झोपून राह्यते. मुंगसानं माह्या घरची खुडूक बसलेली कोंबडी भर दुपारी दोन वाजता नेली, मी खाटेवर होतो अन् माह्या डोयासमोर नेली. तुमचा चोर रातचा हाय. गावातले कुत्रे पायले का?

---

अंगणातली माय (यवतमाळ)
रविवार, सकाळी 8:50

कुत्री असती तर खुराड्याचा कुडच फाडला असता. आमच्याकडं दोन वर्षांपूर्वी कुत्र्यांनी सतरा मारल्या. पिसं थेट रस्त्यापर्यंत होती, कोंबड्या अंगणभर फेकलेल्या, पाठीवर, मांडीवर, जिथं सापडेल तिथं चावे. खाल्ली एकही नाही. खेळ केला मेल्यांनी.

दादा, एक विचारते. अर्धी खाल्लेली कुठून खाल्ली होती? आणि खुराड्याजवळ कसला वास येत होता का? हसू नका. मसन्या ऊद येऊन गेला की भात शिजल्यासारखा वास येते, अगदी बासमतीचा. माझ्या सासूबाई वासावरून सांगायच्या.

---

तुरीचं वावर (वर्धा)
रविवार, सकाळी 9:15

मान आणि छातीचा भाग खाल्लेला. वास फक्त कोंबड्यांचाच. कुड शाबूत आहे. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात जाळी सुतळीनं बांधली होती, ती सुटलेली दिसली. हाताचा पंजा आरामात जातो.

---

ढोरांचा डॉक्टर (अमरावती)
रविवार, दुपारी 1:30

पशुवैद्यक आहे, अशी मढी बऱ्याचदा दाखवायला आणतात. मानेवर नेमका चावा, बाकी अंग शाबूत, एक नेलेली, हा बहुतेक मांजरकुळातला पाहुणा. रानमांजर. जुने लोक याला बाऊल म्हणतात. घरच्या मांजरापेक्षा उंच पाय, शेपूट तोकडी आणि टोकाकडं काळ्या कड्यांची.

"खायची एक होती तर मारल्या दहा कशाला", हा प्रश्न प्रत्येक जण चिडून विचारतो. रानात भक्ष्य पळून जाते, शिकार एका झेपेची असते. खुराड्यात पळायला जागाच नाही. समोर फडफड चालू आहे तोवर त्याची मारायची खुमखुमी शमत नाही. यात दुष्टावा काही नाही, बंद खोलीचा हा परिणाम आहे.

तरी अंदाजावर जाऊ नका. चुलीची राख चाळून घ्या आणि संध्याकाळी खुराड्याभोवती दोन हात रुंद पट्टा पसरा. कोंबड्या आठवडाभर घरातच, सपरीत, डाल्याखाली ठेवा. चोर एकदा जेवून गेला की पुन्हा येतोच. सकाळी ठसा बघा. चार बोटं आणि नखं उमटलेली नाहीत, ठसा गोल: मांजर. चार बोटं, पुढं नखांचे ठिपके, लांबट: कुत्रा किंवा कोल्हा. पाच बोटं असली तर मुंगूस नाहीतर ऊद.

आणि ती थिमेटची पुडी. थिमेट म्हणजे फोरेट, त्याच्या विक्रीवर आणि वापरावर 2020 सालाअखेर बंदी आली. आपल्या यवतमाळात 2017 साली कपाशीच्या फवारणीत माणसं गेली ते विसरलो नसाल. तिथं औषधं वेगळी होती, पण विष तेच नसांवर जाणारं. अंड्यातलं विष मुंगसाला भेटेल की तुमच्या कुत्रीला, ते अंडं ठरवत नाही. मेलेलं जनावर कावळा खातो, मग कावळा मरतो. माझ्या टेबलावर विषबाधेची जी कुत्री येतात त्यातली निम्मी मालकाच्याच शेजाऱ्याने ठेवलेलं खाऊन आलेली असतात.

---

कळंबचा पाटील
रविवार, दुपारी 3:10

एवढा अभ्यास कशाले? खुराड्याभोवती एक उघडी तार फिरवा, रात्री करंट सोडा. सकाळी चोर तारेलेच चिकटलेला. आमच्याकडं रानडुकरासाठी सगळेच करतात.

---

निवृत्त वनरक्षक (चंद्रपूर)
रविवार, संध्याकाळी 6:20

पाटील, सगळेच करतात म्हणून तर मी माझ्या नोकरीत तीन माणसं तारेवरून उचलली. तिघंही त्याच गावचे. एक तर स्वतः लावलेली तार विसरून पहाटे पाणी द्यायला गेलेला. वाघ गेले ते वेगळेच. घरच्या लाइनीवरून उघड्या तारेत करंट सोडणं आणि बाजारात मिळणारी झटका मशीन या दोन गोष्टी एक समजू नका. मशीन क्षणभराचा झटका देते आणि थांबते, जनावर दचकून पळते. लाइनीचा करंट धरून ठेवतो.

आता कायदा, थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2022 साली मोठी दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. रानमांजर आणि कोल्हा दोन्ही आता पहिल्या अनुसूचीत, म्हणजे बिबटाच्या पंगतीत. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान 25,000 रुपये. "मी मारलं नाही, फक्त फास लावला" हे चालत नाही. कायद्यात शिकार या शब्दात विष, फास, सापळा आणि नुसता प्रयत्नसुद्धा येतो. काकांना हे वाचून दाखवा. धमकी म्हणून नको, चहा पिताना.

---

पुण्याचा पाहुणा
रविवार, रात्री 9:45

माझं आजोळ आर्वीचं, म्हणून हा धागा वाचतोय. मारायचं नसेल तर पिंजरा लावून पकडा आणि दूर जंगलात सोडून या. कोणाचंच नुकसान नाही.

---

निवृत्त वनरक्षक (चंद्रपूर)
सोमवार, सकाळी 6:55

पाहुणे, मन चांगलं आहे तुमचं, पण नाही. एक तर परवानगीशिवाय पिंजरा लावणं हाही गुन्हाच. दुसरं, आम्ही हे बिबटांवर करून पाहिलं आहे. तुमच्याच जिल्ह्यात, जुन्नरला, 2001 ते 2003 मध्ये बिबट पकडून दुसरीकडं सोडण्याचा सपाटा लागला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर त्याचा हिशोब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, ते 17 वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर गोंधळते, घराकडं निघते, वाटेत गावं लागतात.

रानमांजर माणसावर येणार नाही, ते सोडा. पण हिशोब तोच. एक उचललं की नाल्याची जागा मोकळी होते आणि महिन्याभरात दुसरं येते. त्या दुसऱ्यालाही तुमची सुटलेली सुतळी सापडेलच.

---

पांढरं सोनं (अकोला)
सोमवार, सकाळी 7:30

सुतळी सापडेल 😄 हे बाकी खरं बोलले साहेब.

---

तुरीचं वावर (वर्धा)
मंगळवार, सकाळी 7:10

राख टाकली होती. काल काहीच नाही, नुसते उंदरांचे पाय. आज पहाटे ठसे सापडले. गोल, चार बोटं, नखं नाहीत, घरच्या मांजरीपेक्षा चांगले मोठे. तुरीतून आला, खुराड्याला दोन फेऱ्या मारल्या, नेमक्या त्याच कोपऱ्यापाशी थांबला. तिथं राख पार विस्कटली आहे, बहुतेक बसून राहिला असावा. मग आल्या वाटेनं परत.

कोंबड्या सपरीत होत्या. मी पाच वाजता उठलो तेव्हा धुऱ्यावर काहीतरी पिवळट-भुरं चालत गेलं. घाई अशी नाहीच. मागं वळून एकदा पाहिलं आणि तुरीत शिरलं.

काका आले होते. ठसे पाहून गप्प बसले, मग म्हणाले, "मांजर असो का मुंगूस, कोंबडी तर गेलीच ना." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

---

झाडीपट्टीचा (गोंदिया)
मंगळवार, सकाळी 10:40

काकांचं चुकलं कुठं? गावरान कोंबडा आज पाचशेच्या खाली देत नाही कोणी. बाईमाणसाच्या हातातला तेवढाच पैसा असतो, तेलमीठ त्यातूनच. जंगल वाचवा म्हणणाऱ्याची कोंबडी जात नाही. हे मनातलं बोलून घेतलं. आता कामाचं बोलतो, कारण आमच्या नवेगाव-नागझिऱ्याकडं हे रोजचंच आहे आणि चार वर्षांत माझी एकही रात्रीची गेली नाही.

पहिली गोष्ट, जिला कोंबडी जाळी म्हणतात ती षटकोनी तारेची जाळी कोंबडी आत ठेवायला आहे, जनावर बाहेर ठेवायला नाही. दातानं तुटते, पंजानं ताणली जाते, दोन पावसाळ्यांत गंजते. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी, घ्या. एक इंची घेतली तर पिल्लांना साप आणि उंदीर सोडणार नाहीत. जाळी सुतळीनं बांधू नका. लाकडी पट्टीखाली दाबून स्क्रू मारा.

दुसरं, पाया. लोक जाळी खोल पुरतात, मेहनत फार आणि उपयोग कमी. त्यापेक्षा भिंतीच्या बुडापासून बाहेरच्या अंगाला दीड फूट जाळी जमिनीवर आडवी अंथरा, वर माती आणि दगड. उकरणारं जनावर भिंतीला नाक लावूनच उकरते. तिथं जाळी लागली की मागं सरकून उकरायची अक्कल त्याला सुचत नाही. आमच्या कोल्ह्यानं तीन रात्री प्रयत्न केला, चौथ्या रात्री शेजाऱ्याकडं गेला. (शेजाऱ्यानं मग माझ्याकडून जाळीचा पत्ता घेतला.)

तिसरं, दार. दाराखालून मूठ जाते का बघा. मूठ गेली तर मुंगूस गेलं. नुसता आकडा नको, ऊद वर चढून तो उचलते. कडी लावून त्यात खुंटी घाला.

आणि शेवटचं, यात पैसा लागत नाही पण हेच होत नाही: दार दिवेलागणीच्या आधी बंद. कोंबड्या उजेड कमी झाला की आपोआप आत जातात. आपण मात्र मालिका संपल्यावर उठतो. रानमांजराची वेळ तीच, संध्याकाळ आणि पहाट.

---

अंगणातली माय (यवतमाळ)
मंगळवार, दुपारी 12:15

मालिकेचं मला लागलं हो भाऊ. आमच्याकडं मालिका पुरुषमंडळीच बघतात.

दिवसाचंही सांगा कोणी. मला रात्रीपेक्षा शिक्रा आणि कावळे जास्त छळतात. शिक्रा पिल्लू उचलतो ते कळतसुद्धा नाही, कोंबडी एकदम "क्र्र्र" करते आणि बघतो तर एक कमी. मी आता पिल्लं सहा आठवड्यांची होईपर्यंत जुनी नऊवारी आडवी बांधून तिच्या सावलीतच फिरवते. घार-शिक्रा वरून झेप घेतात, वर कापड असलं की घेत नाहीत. एक चांगला भांडखोर कोंबडाही ठेवा. आमचा असील आहे. आभाळात ठिपका दिसला तरी ओरडतो, आणि तुळशीचं झुडूप असं दाट की पिल्लं त्याखाली पळतात.

मासे पकडायची जाळी मात्र जमिनीलगत लावू नका. मी लावली होती. सकाळी धामण अडकलेली, अंगभर दोरा रुतलेला. सर्पमित्र पोरानं अर्धा तास नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा कापला. धामण आमचेच उंदीर खायला आली होती, कोंबडीचा दाणा सांडतो म्हणून उंदीर, उंदीर म्हणून साप. मग दाणा रात्री झाकून ठेवायला लागले. साप कमी झाले, अंडीही वाढली.

---

कळंबचा पाटील
मंगळवार, दुपारी 2:00

बरं ते करंटचं मागं घेतो. पण बिबट असला तर तुमची अर्धा इंची जाळी काय करन?

---

झाडीपट्टीचा (गोंदिया)
मंगळवार, रात्री 8:30

काहीच नाही. बिबटाला जाळी म्हणजे कागद. तिथं कोंबड्या पक्क्या भिंतीच्या खोलीत, आणि कुत्रंसुद्धा आत. बिबट गावात बहुतेक वेळा कुत्र्यासाठी येते, कोंबडी वाटेत भेटते. अंगणात बाजेवर झोपायचं नाही, लहान पोराला अंधारात एकटं बाहेर सोडायचं नाही. आणि 1926 वर फोन, वन विभागाचा आहे. स्वतः काठी घेऊन मागं जायचं नाही. आमच्याकडं गर्दी करून बिबटाला कोंडतात, मोबाईल काढतात, मग चार जण दवाखान्यात.

---

ढोरांचा डॉक्टर (अमरावती)
बुधवार, सकाळी 7:45

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुरीचं वावर, तुमच्या 34 पैकी लसी किती जणींना झाल्यात? रानमांजरानं अकरा मारल्या म्हणून धागा निघाला. मानमोडी (राणीखेत रोग) आली की गावच्या गाव रिकामी होते आणि कोणी धागा काढत नाही. पिल्लू 5 ते 7 दिवसांचं असताना लासोटा लसीचा डोळ्यात किंवा नाकात थेंब, आणि सहा-आठ आठवड्यांचं झालं की आर टू बी लस. खर्च कोंबडीमागं चहाएवढाही नाही.

हे इथं का, तर मेलेली कोंबडी लोक उकिरड्यावर टाकतात. कुत्री तिथं चव शिकतात, कोल्हा तिथं वाट शिकतो. तुमच्या त्या नऊ कोंबड्यांचं काय केलंत?

---

तुरीचं वावर (वर्धा)
बुधवार, सकाळी 8:20

नाल्यात टाकल्या. 🤦 आज खड्डा खणून, चुना टाकून पुरतो. राहिल्या असतील तर.

लस मागच्या पावसाळ्यात झाली होती, नव्या वनराजांना नाही.

---

मेळघाटी (धारणी)
बुधवार, रात्री 9:05

तूर कधी काढताय? गंजी मारताना सांभाळून. आमच्याकडं मागच्या वर्षी तुराट्यांच्या ढिगाखाली तीन पिल्लं सापडली, अंगावर पुसट पट्टे. गावभर बोंब, बिबट्याची पिल्लं. कोणी दूध पाजायला घेतलं, कोणी फोटो काढले. वनरक्षक आला, म्हणाला रानमांजराची आहेत, होती तिथं ठेवा आणि सगळे लांब व्हा. ढीग तेवढा सोडून बाकी काम केलं. रात्रीत आईनं तिन्ही उचलून नेली. त्या ढिगाशेजारच्या हरभऱ्यात त्या साली उंदरांची बिळंच दिसली नाहीत. राजस्थानातल्या सरिस्का जंगलात अभ्यास झाला होता त्यात रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर खाते असं निघालं होतं. आमच्या माळ्याचं म्हणणं, पाच कमीच सांगितले.

---

तुरीचं वावर (वर्धा)
25 दिवसांनी, रविवार, सकाळी 8:00

हिशोब देतो, बरेच जण व्यक्तिगत निरोप पाठवून विचारत होते.

खुराडा नवा बांधला. जुना कुड तसाच ठेवून आतून वेल्डमेश मारली, बुडाला बाहेर दीड फूट आडवी. जमीन दोन फूट सोडून बांबूचा मचाण, त्यावर कोंबड्या. दाराला कडी आणि खुंटी, खुंटी सुतळीनं दाराला बांधलेली, हरवू नये म्हणून. (सुतळीला एवढी तरी जागा दिली.) जाळी, बिजागऱ्या, स्क्रू, एक दिवसाची मजुरी मिळून 6,800 रुपये. अकरा कोंबड्यांचा हिशोब केला तर जवळपास तेवढाच निघतो.

दार आता बायको लावते आणि मी तपासतो. आधी उलटं होतं.

राखेचा पट्टा अजून टाकतो, आता सवयच लागली. रानमांजर अधूनमधून येते. पहिले आठ-दहा दिवस रोज खुराड्याची फेरी मारायचं, आता सरळ धुऱ्यावरून निघून जाते. एकदा दिवसाढवळ्या पोरानं पाहिलं, तोंडात मोठा उंदीर होता. काकांना बोलावून दाखवलं. काका बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "माह्या गव्हात पाठव याले."

थिमेटची पुडी डॉक्टरसाहेबांना विचारून गावापासून लांब, विहिरीपासून लांब, कशी संपवायची ते कृषी सहायकाकडून समजून घेतो आहे. तोवर कुलपात आहे, किल्ली माझ्याकडं.

दिवसा एक पिल्लू गेलं. कावळा. नऊवारी शोधतो आहे, घरात सगळ्या पाचवारीच निघतात.

---

अंगणातली माय (यवतमाळ)
त्याच दिवशी, सकाळी 10:30

पाचवारी चालते. दोन जोडा. आणि दादा, त्या वनराजची अंडी उबवायला मिळतील का? माझ्या दोन गावरान खुडूक बसल्यात, खाली अंडी कमी पडतायत. डझनभर हवी. घ्यायला मुलगा पुढच्या आठवड्यात वर्ध्याला येणारच आहे.